मचा, दम आहे का अजून?

शास्त्रीय संगीतात पस्तिशीचा गायक ‘उदयोन्मुख’ असतो. त्याला मैफलीत आधी बसवतात, बुजुर्ग मागून येतात, आणि पोरगाही त्यात धन्यता मानतो. गंगूबाई हनगल यांनी तर वयाची नव्वदी ओलांडल्यावर, २००६ साली, जाहीर मैफल केली. रॅपमध्ये सगळं उलटं! तिथे पस्तिशीचा गडी बुजुर्ग. विशीतली पोरं त्याला ‘ओजी’ म्हणतात, म्हणजे ‘ओरिजिनल गँगस्टर’. शब्द आदराचा आहे खरा. पण ‘काका, तुम्ही आता जरा बाजूला बसा’ हेही त्यात आलंच.

बेंगळुरूच्या ब्रोधा व्हीला हा आदर पुरेपूर मिळाला आहे. आणि म्हणूनच त्याच्याबद्दलचा प्रश्नही वारंवार निघतो : याचा दम अजून शिल्लक आहे, की आता नुसतं नाव?

ज्यांच्या घरात कॉलेजात जाणारं पोर नाही, त्यांच्यासाठी थोडी ओळख. ब्रोधा व्ही म्हणजे विघ्नेश शिवानंद. बेंगळुरूचा मुलगा. एमिनेमची गाणी ऐकत-घोकत हा इंग्रजी रॅप शिकला. स्मोकी द घोस्ट (सुमुख मैसूर) आणि बिग निक या दोघांबरोबर त्याने ‘मचाज विथ अ‍ॅटिट्यूड’ नावाची टोळी जमवली. नावातच खोडी आहे. ‘मचा’ म्हणजे मुळात तमिळमधला मेव्हणा. बेंगळुरूत कुणीही दोस्त ‘मचा’ असतो, जसा आपल्याकडे कुणीही ‘भावा’ असतो. आणि लॉस एंजलिसजवळच्या कॉम्प्टन गावातून १९८८ साली ज्या टोळीने अमेरिकेच्या पोलिसांची झोप उडवली, ती ‘एनडब्ल्यूए’. तिची ही आपली ‘एमडब्ल्यूए’! शाहरूखच्या ‘चेन्नई एक्सप्रेस’मध्ये (२०१३) ‘रेडी स्टेडी पो’ या गाण्यात ब्रोधा व्ही आणि स्मोकी यांचे आवाज आहेत. म्हणजे नाव ठाऊक नसलं, तरी आवाज तुमच्या कानावरून गेलेला आहे.

पण त्याला खरं नाव दिलं ते २०१२ सालच्या ‘आत्मा रामा’ने. दक्षिणेत घरोघरी म्हटलं जाणारं रामाचं भजन त्याने ध्रुवपदाला घेतलं आणि कडव्यांत स्वतःच्या भरकटलेल्या दिवसांची गोष्ट इंग्रजीत सांगितली. तोवर आपल्याकडचा इंग्रजी रॅप म्हणजे अमेरिकेची झेरॉक्स होती. तेच हातवारे, तीच ढगळ विजार. या मुलाने देवघरातली चीज उचलून रॅपमध्ये आणली आणि ती उपरी वाटली नाही. पाठोपाठ ‘अयिगिरी नंदिनी’ आलं, महिषासुरमर्दिनी स्तोत्रावर. आज गल्लोगल्ली स्तोत्र आणि ड्रम यांची भेळ मिळते. ती गाडी पहिल्यांदा लावणाऱ्यांत हा होता, हे विसरून चालणार नाही.

आता दुसऱ्या बाजूला पाहा. बेंगळुरूचंच नाव घेऊन वावरणारा हनुमानकाइंड. मूळचा केरळातल्या मलप्पुरमचा सूरज चेरुकाट. वाढला अमेरिकेत, ह्यूस्टनमध्ये. परत येऊन बेंगळुरूत नोकरी केली आणि इथेच रॅपर झाला. जुलै २०२४मध्ये त्याचं ‘बिग डॉग्ज’ आलं. जत्रेतल्या ‘मौत का कुआं’त भिंतीवर फिरणाऱ्या मोटारी आणि मोटरसायकली, खाली मधोमध उभा राहून बोलणारा हा, आणि मागे हैदराबादच्या काल्मीने बांधलेला ठेका. अमेरिकेच्या बिलबोर्डच्या शंभर गाण्यांच्या मुख्य यादीत ते २३व्या क्रमांकापर्यंत चढलं. पुढे एप्रिल २०२५मध्ये कॅलिफोर्नियाच्या कोचेला महोत्सवात त्याने केरळचे चेंडेवाले नेऊन उभे केले. आणि जुलै २०२५मध्ये त्याची ‘मान्सून सीझन’ नावाची मिक्सटेप आली.

गंमत अशी की या ‘नव्या’ गड्याचा जन्म १९९२चा. तोही तिशीपारच! ब्रोधा व्ही आणि तो साधारण एकाच पिढीचे. पण एक २०१२मध्ये गाजला, दुसरा २०२४मध्ये. मध्ये गेलं एक तप. रॅपमध्ये म्हातारपण जन्मतारखेवरून मोजत नाहीत, पहिलं गाणं केव्हा गाजलं त्यावरून मोजतात.

‘मिक्सटेप’ या शब्दाने बिचकू नका, वाचकहो. आपल्याही घरात ती होती. १९८०च्या दशकात कॅसेटच्या दुकानात आपण कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायचो. साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट, ‘ए’ बाजूला लता, ‘बी’ बाजूला किशोर, आणि शेवटी जागा उरलीच तर दुकानदाराच्या मर्जीचं काहीतरी. चार दिवसांनी घ्यायला या! न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ला डीजे कूल हर्कने इमारतीच्या हॉलमध्ये रेकॉर्ड वाजवल्या, तिथून हिपहॉपचा जन्म मानतात. त्या पार्ट्यांचं ध्वनिमुद्रण कॅसेटवर भरून हातोहात विकलं जायचं, ती मूळ मिक्सटेप. पुढे होतकरू रॅपर दुसऱ्यांच्या ठेक्यावर स्वतःचे शब्द चढवून अशा टेपा फुकट वाटू लागले. अल्बम म्हणजे लग्नाची पंगत, आणि मिक्सटेप म्हणजे रात्री दोस्तांसाठी उघडलेले डबे. चव जमली तर उत्तम, नाही जमली तर कुणी हिशेब मागत नाही.

आता टेपही नाही आणि फुकटही नाही. मोठी कंपनी, मोठी जाहिरात, परदेशी पाहुणे. नाव तेवढं ‘मिक्सटेप’ ठेवायचं, म्हणजे परीक्षक जरा हात सैल सोडतात. मला ही पळवाट वाटते. पंगतीचे पैसे घेऊन डबे उघडायचे नाहीत.

‘मान्सून सीझन’चं नेमकं तेच झालं आहे. डेन्झेल करी, मॅक्सो क्रीम, एसॅप रॉकी असे अमेरिकेतले नावाजलेले पाहुणे आहेत. हनुमानकाइंडचा आवाज जाडाभरडा, भारदस्त. शब्द अगदी दातांखाली चावून फेकतो. ठेक्यावर त्याची पकड पहिल्या ओळीपासून असते, ती सुटत नाही. पण ‘मी कसा जबरदस्त, माझ्या वाटेला जाऊ नका’ हे एकच म्हणणं किती वेळा ऐकायचं? तो आवाज खाली आणून स्वतःशी बोलतो, शंका घेतो, तेव्हा कान टवकारतात. असे क्षण आहेत, थोडे आहेत. ‘बिग डॉग्ज’ आणि ‘रन इट अप’ यांची उंची बाकीच्या गाण्यांना क्वचितच गाठता आली आहे. परीक्षेत गुण द्यायचेच झाले तर पहिला वर्ग, पण विशेष प्रावीण्य नाही.

‘रन इट अप’चा मात्र आपल्या मंडळींनी मुद्दाम उल्लेख करावा. मार्च २०२५मध्ये आलेल्या या गाण्याच्या चित्रफितीत केरळचं कळरीपयट्टू आहे, पंजाबचा गतका आहे, मणिपूरचा थांग-ता आहे आणि आपल्या कोल्हापूरचा मर्दानी खेळही आहे. पंतप्रधानांनी त्याच महिन्यात ‘मन की बात’मध्ये या गाण्याचं नाव घेतलं. आणि मागे वाजतो तो चेंडा. देवळाच्या उत्सवातलं वाद्य रॅपमध्ये! कुठे ऐकलंय हे? बरोबर, ‘आत्मा रामा’मध्ये भजन होतं, इथे चेंडा आहे. पाऊलवाट तीच.

मग ज्याने वाट पाडली, त्याचं काय?

अडचण अशी आहे की ब्रोधा व्हीची वाटच त्याचा पिंजरा झाली. श्रोत्याला त्याच्याकडून दर वेळी आणखी एक ‘आत्मा रामा’ हवं असतं. त्याने दिलं, तर ‘तेच ते’. नाही दिलं, तर ‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही’. हे दुखणं नवं नाही. बाबा सहगलला विचारा! १९९२मध्ये ‘ठंडा ठंडा पानी’ने त्याने घराघरांतले टेपरेकॉर्डर ताब्यात घेतले होते. चाल व्हॅनिला आइसच्या ‘आइस आइस बेबी’वरून उचललेली, आणि त्याने ती क्वीन आणि डेव्हिड बोवी यांच्याकडून उचललेली, चोराच्या घरी चोरी. पुढे लाट ओसरली. बाबाने मग दक्षिणेत चित्रपटांसाठी गाऊन घेतलं आणि पन्नाशीच्या सुमारास यूट्यूबवर जिम, चिकन फ्राइड राइस असल्या विषयांवर विनोदी गाणी घालून पोरांना हसवलं. टिकून राहण्याचा हाही एक मार्ग आहे. स्वतःची गंमत करून घेण्याचा. पण ब्रोधा व्हीला तो मानवणार नाही. त्याचा पिंड गंभीर आहे.

दुसरा मार्ग अमेरिकेत दिसतो. जे-झीने २०१७ साली, वयाच्या ४७व्या वर्षी, ‘फोर फोर्टी-फोर’ काढला आणि त्यात फुशारकी बाजूला ठेवून संसारातले स्वतःचे अपराध कबूल केले. नासला ‘किंग्ज डिझीज’साठी ग्रॅमी मिळालं २०२१मध्ये, तोही तेव्हा ४७चाच. उलट आंद्रे थ्री थाउजंडने २०२३मध्ये, ४८व्या वर्षी, रॅपचा एकही शब्द नसलेला बासरीचा अल्बम काढला. या वयात मी रॅप कशावर करू, डोळे अधू होतात त्यावर का, अशा अर्थाचं तो बोलला होता. मला विचाराल तर का नाही करायचा? चाळिशीचा चष्मा, आईची शुगर, घराचा हप्ता आणि आउटर रिंग रोडवर दीड तास अडकलेली गाडी यावर कुणी खरंच रॅप केला, तर बेंगळुरूचा निम्मा आयटीवाला उभा राहून टाळ्या वाजवील. रॅप हा मुळात भुकेचा आवाज आहे, हे मान्य. पण पोट भरल्यावर माणसाची भूक संपते असं कुणी सांगितलं? ती रूप बदलते.

आपल्याकडे त्याला दाखला आहे. शाहीर विठ्ठल उमप. साथीला डफ, मागे झीलकरी, आणि पुढे माणूस ठेक्यात बोलतो, टोले मारतो, गोष्ट सांगतो... याला ब्राँक्समध्ये जे काय म्हणत असतील ते म्हणोत. उमपांनी ‘जांभूळ आख्यान’ उतारवयातही अशा ताकदीने उभं केलं की द्रौपदीच्या मनातली कर्णाबद्दलची ओढ सांगताना प्रेक्षागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी. २६ नोव्हेंबर २०१०ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच ते कोसळले आणि गेले. वय ७९. त्यांना कुणी ‘ओजी’ म्हटलं नाही आणि ‘आता चालतंय का तुमचं?’ असंही विचारलं नाही. चालत होतंच.

ब्रोधा व्हीकडे अजून काय आहे, ते त्याच्या जलद कडव्यात कळतं. वेग वाढला तरी त्याचा एकही शब्द पुसट होत नाही. ही साधी गोष्ट नाही. आजच्या निम्म्या पोरांचे शब्द यंत्राने आवाज साफ करूनही कळत नाहीत. श्वास कुठे चोरायचा हे त्याला कर्नाटकी तालवाद्यवाल्याइतकं नेमकं ठाऊक आहे. कारागीर म्हणून तो आजही हनुमानकाइंडच्या बरोबरीचा आहे, वेगात कदाचित कांकणभर सरसच. कमी पडतो ते सांगण्यासारख्या गोष्टीत. ‘मी इथवर कसा आलो’ हे सांगून झालं. ‘मला नावं ठेवणारे कसे चुकले’ हेही सांगून झालं, एकदा नव्हे अनेकदा. आता पुढलं पान कोरं आहे. त्याचा जुना दोस्त स्मोकी या बाबतीत हुशार निघाला. त्याने प्रसिद्धी कमी मिळवली, पण ‘द ह्यूमन फॉर्म’सारख्या कामात स्वतःपलीकडच्या माणसांकडे पाहिलं. गर्दी खेचणार नाही. पण ऐकणाऱ्याला दहा वर्षांनी शिळं वाटणार नाही.

आणखी एक मेख आहे, ती भाषेची. हे तिघेही मुख्यतः इंग्रजीत बोलतात. बेंगळुरूच्या पबात ते चालतं, परदेशात तर धावतं. पण बसस्टँडवर, कॉलेजच्या गॅदरिंगला, गणेशोत्सवाच्या मंडपात वाजतो तो कन्नड रॅप. चंदन शेट्टीचा, ऑल ओकेचा. चंदन शेट्टी तर २०१८मध्ये कन्नड ‘बिग बॉस’ जिंकून घरच्या आजीलाही ठाऊक झाला. दर्जाच्या बाबतीत मी त्याची गाणी डोक्यावर घेणार नाही. पण रिक्षावाल्याच्या ओठांवर कोण आहे, याचं उत्तर सरळ आहे. मुंबईत डिव्हाइन आणि नेझी यांनी हिंदीत, गल्लीच्या बोलीत रॅप केला, तेव्हाच ‘गली बॉय’ (२०१९) निघू शकला. ब्रोधा व्हीच्या शहरात, रस्त्यात कन्नड आहे. पूर्ण ताकदीने तो त्या भाषेत उतरला, तर त्याला सांगायला गोष्टीही सापडतील असं माझं मत आहे. इंग्रजीत माणूस स्वतःला सादर करतो. आईच्या भाषेत जरा उघडा पडतो.

तोवर निकाल असा : मिक्सटेप ऐकण्याजोगी, जपून ठेवण्याजोगी दोन-चार गाणी, ब्रोधा व्ही निवृत्त वगैरे झालेला नाही, पण गेली काही वर्षं व्याजावर जगतो आहे. मुद्दल शाबूत आहे.

घरात ऐकायला बसणार असाल, तर एक सूचना. अ‍ॅपवर गाण्याच्या नावाशेजारी चौकोनात छोटा ‘ई’ असला, की त्यात शिव्या आहेत असं समजावं. या मिक्सटेपमध्येही त्यांची उणीव नाही. तेव्हा आजी-आजोबांसमोर सुरुवात ‘आत्मा रामा’ने करा. ध्रुवपद येईपर्यंत ते थोडे अस्वस्थ होतील. मग भजन ओळखीचं निघालं, तर बोटांनी ताल धरतील. ‘बिग डॉग्ज’ची चित्रफीत दाखवा आवाज बारीक करून, निदान त्या विहिरीतल्या ड्रायव्हरांसाठी.