गोबरगॅसला दगडाची गाळणी

यवतमाळच्या शेतकऱ्याचा गोबरगॅस चुलीपुढे का जात नाही? त्यात मिथेन जेमतेम ६० टक्के असतो. उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड आणि इंजिन गंजविणारा थोडा हायड्रोजन सल्फाइड. वाहनासाठी मिथेन किमान ९० टक्के हवा. २०१८ च्या ‘सतत’ योजनेने मोठ्या प्रकल्पांना तेल कंपन्यांचे गिऱ्हाईक मिळवून दिले, गावाचे काय?

दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत झिओलाइट सापडते. आम्लाने वा अल्कलीने संस्कार केले की त्याची सूक्ष्म छिद्रे हे नको असलेले वायू अधिक शोषतात. तापविल्यावर ते पुन्हा वापरता येते. आपण मात्र त्याचे देखणे स्फटिक संग्राहकांना विकतो!

एकट्या गोठ्याला ही गाळणी परवडणार नाही. गावाचे शेण एकत्र आणून शासनाने एखाद्या तालुक्यात प्रयोग करावा. हिशेबात आम्लाचा व तापविण्याच्या इंधनाचा खर्च मात्र प्रामाणिकपणे धरावा.