अधिक वॉट, हरवलेले शब्द

आमच्या महाविद्यालयात गेल्या वर्षी काव्यवाचन झाले. कवी समर्थ होते, श्रोते उत्सुक होते. परंतु पाचव्या रांगेपलीकडे कवितेऐवजी केवळ घुमणारा नाद पोहोचत होता. शब्दांची मुळे कानी येत, विभक्तिप्रत्यय मात्र विरून जात. त्यावर उपाय ठरला तो असा : अधिक शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर विकत घ्यावा. या निर्णयाशी आम्ही सहमत नाही. आणि प्रश्न तांत्रिक वाटला तरी भाषेच्या अध्यापकांनी त्यात लक्ष घालावे, असे आमचे मत आहे.

वॉट म्हणजे आवाज नव्हे. शक्ती दुप्पट केली तरी ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट शक्ती लागते. उलट, १ वॉटला १ मीटर अंतरावर ८७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी ९३ डेसिबल देणारा निवडला, तर चौपट शक्तीचे काम साधते. अ‍ॅम्प्लिफायर अगदी तोकडाही नसावा, हे मान्य. कुवतीबाहेर ताणला की ध्वनितरंगांचे शेंडे छाटले जातात, आवाज फाटतो आणि स्पीकरमधला ट्वीटर जळू शकतो.

तथापि या दोघांइतकाच महत्त्वाचा तिसरा घटक म्हणजे खोली. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली फॉग कलासंग्रहालयाचे व्याख्यानगृह सुरू झाले, तेव्हा तेथील व्याख्याने समजेनात. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राही. वॉलेस सेबाइन या तरुण भौतिकीच्या अध्यापकाने नाट्यगृहातील गाद्या आणून, रात्रीच्या शांततेत मोजमाप करून दाखवले की, हे घुमणे खोलीच्या घनफळाबरोबर वाढते आणि ध्वनिशोषणाबरोबर घटते.

आमच्या सभागृहाचे दुखणे नेमके हेच आहे : उघड्या भिंती, गुळगुळीत फरशी, उंच छत. अशा जागी शक्ती वाढवली की थेट येणारा शब्द आणि भिंतींवरून परतणारा त्याचा निनाद, दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात. गोंगाट वाढतो, अर्थ तेथेच राहतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. तो पैसा प्रथम जाड पडद्यांवर खर्च व्हावा. व्यासपीठावरील दोन अजस्र स्पीकरांऐवजी लहान स्पीकर श्रोत्यांच्या जवळ, त्यांच्याकडे वळवून बसवावेत. आणि कार्यक्रमापूर्वी कोणीतरी परस्परांशी संबंध नसलेले पन्नास शब्द वाचावेत, मागच्या रांगेतील विद्यार्थ्याने ते लिहून घ्यावेत. किती चुकले, यावरून सभागृहाची परीक्षा होईल.

त्या दिवशी मध्यंतरानंतर मागच्या रांगा रिकाम्या झाल्या. विद्यार्थ्यांना कवितेची गोडी नाही, असा निष्कर्ष आपण किती सहज काढतो! त्यांना कविता ऐकूच आली नव्हती.