व इतर

दिवाळीची सुटी संपता संपता आपल्या गावात जुन्या महाडच्या छायाचित्रांचे एक प्रदर्शन भरले होते. आपल्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. मी आजीला घेऊन गेले होते. आजीला वाचता येत नाही, पण ती माझ्यापेक्षा जास्त वेळ एकेका फोटोसमोर उभी राहिली. सावित्रीच्या धक्क्याला लागलेली शिडाची गलबते, पावसाळ्यातली बाजारपेठ, कौलारू घरांच्या रांगा, कुणाच्या तरी घरची मुंज. सगळीकडे एकच उद्गार ऐकू येत होता, "काय सुंदर होते हो आपले गाव!"

एका दुकानाच्या उद्घाटनाच्या फोटोपाशी आजी थबकली. पुढे खुर्च्यांवर सहा गृहस्थ बसलेले. मागे चौघे उभे, अंगात बंडी, एकाच्या खांद्यावर पोती ओढायचा लोखंडी आकडा. खाली सुबक अक्षरांत ओळ होती. बसलेल्या सहाही जणांची नावे, आडनावांसकट, आणि शेवटी दोन शब्द : 'व इतर'.

"अगो बाय," आजी म्हणाली, "ह्यो तुजा आजा."

आकडेवाला माणूस माझा आजोबा होता. मी त्यांना पाहिलेले नाही. ते बाजारपेठेत हमाली करीत एवढेच मला ठाऊक होते. त्यांचा एक फोटो आमच्या घरी भिंतीवर होता, तो २०२१ च्या पुरात गेला. म्हणजे माझ्या आजोबांचा जगातला एकमेव फोटो आज दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीचा आहे, आणि त्यात त्यांचे नाव 'इतर' असे आहे.

मी रागावून हे लिहीत नाही. प्रदर्शन भरविणाऱ्यांनी कष्ट घेतले, त्याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. ज्या घरातून तो फोटो आला, त्या घराला खुर्चीवरची माणसे माहीत होती, मागची नव्हती. त्यांनी माहीत होते ते लिहिले. परंतु मला असे वाटते की, गावाचा इतिहास गोळा करण्याची आपली सारी रीतच अशी आहे. फोटो ज्याच्या घरात, इतिहास त्याच्या घरचा. आणि पूर्वी फोटो कुणाच्या घरात असत, हे का वेगळे सांगायला हवे? आमच्या घरात माझ्या वडिलांच्या लग्नापर्यंत फोटोग्राफरचे पाऊल पडलेले नव्हते.

आपले महाड तर इतिहासाचे गाव. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर जे घडले, ते शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते चित्र आपण कॅलेंडरवर, वह्यांच्या कव्हरांवर पाहिलेले आहे. ते चित्रकाराने काढलेले चित्र आहे, हे मला अकरावीपर्यंत कळले नव्हते; मी तो फोटोच समजत होते! त्या दिवशी बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे होती. कोकणातल्या खेड्याखेड्यांतून ती आली होती. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ साली केला आणि १९२७ साली रद्द केला, कज्जा मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल लागला १९३७ साली. हे सारे कागदोपत्री आहे. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, रामचंद्र मोरे ही नावे आपण घेतो आणि घेतलीच पाहिजेत. त्याच डिसेंबरातल्या परिषदेला गावात कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. हेही नाव राहिले, हे आपले भाग्य. पण तळ्यावरून परतताना ज्यांनी मार खाल्ला, त्यांच्यापैकी किती जणांची नावे आपल्याला येतात? त्यांची नातवंडे-पणतवंडे याच तालुक्यात आहेत. काही या महाविद्यालयात आपल्या शेजारच्या बाकावर बसत असतील.

म्हणून "गेले ते दिवस" असे कुणी म्हटले की मी जरा गप्प होते. फोटोतला तो शांत, स्वच्छ धक्का पाहून मलाही छान वाटते. आजीला मात्र तिथे पाठीवर वाहिलेली ओझी दिसतात. दोन्ही खरे आहे. फोटो एकच असतो. आपण तो आजीसारख्यांच्या नजरेने पाहतच नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता पुराविषयी. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वराच्या डोंगरावर पाऊस कोसळला आणि सावित्री गावात शिरली. त्याच दिवशी आपल्या तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. माणसे गेली, तिथे फोटोंचे दुःख करायला मला संकोच वाटतो. तरी सांगते. पाणी ओसरल्यावर गावभर दोऱ्यांवर कपड्यांबरोबर फोटो वाळत घातलेले मी पाहिले. रंगीत फोटोंतले चेहरे ओघळून गेले होते. आजोबांचा फोटो काचेला चिकटला होता. आम्ही तो ओढून काढला आणि चेहरा काचेवरच राहिला. ओला फोटो असा ओढू नये, हे मला फार उशिरा समजले. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, तो पाण्याने फुगतो आणि वाळला की काचेला धरतो. फोटो अजून ओला असेल तर काचेसकट स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हळूहळू सुटतो का पाहावे, आणि वाळून चिकटलाच असेल तर हात न लावता काचेवरूनच त्याचा दुसरा फोटो घ्यावा. हे आमच्या घरात कुणाला ठाऊक असणार? माझ्याआधी आमच्यात कुणी नववीच्या पुढे गेलेले नव्हते. पुन्हा पूर येणार नाही असे कुणीच म्हणत नाही, म्हणून हे इथे लिहून ठेवले.

आणखी एक गोष्ट. माझ्या आत्याच्या लग्नाच्या एका फोटोत वऱ्हाडामागे सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल दिसतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पूल वाहून गेला, त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या आणि त्यांतली माणसे गेली. फोटोग्राफरने पुलाचा फोटो काढलाच नव्हता, पूल आपसूक आला. जुना पूल शोधायचा तर असे कुणाच्या तरी लग्नातच शोधावा लागेल. तो अल्बम 'ऐतिहासिक' म्हणून प्रदर्शनाला मागायला आमच्या घरी कोण येणार होते?

माझी प्राध्यापकवर्गाला विनंती आहे. इतिहास विभागाने एक साधी वही घालावी. आपण विद्यार्थ्यांनी आपापल्या घरचे, आळीतले, वाडीवरचे फोटो मोबाईलवर उतरवून घ्यावेत आणि प्रत्येक फोटो घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापुढे धरून विचारावे, हा कोण, ही कोण, हे कुठे उभे आहेत. पुढच्या वर्षी करू म्हटले तर चालणार नाही. मोबाईलवर सगळ्यांकडे हजार-हजार फोटो आहेत, त्यांत नावे एकाचीही नाहीत, हेही ओघाने आलेच.

नावे विचारणे वाटते तितके सोपेही नाही. प्रदर्शनाच्या आयोजकांना मी आजोबांचे नाव लिहायला सांगितले. त्यांनी लगेच पेन पुढे केले आणि आजीला विचारले. आजी पदर तोंडाशी धरून हसली. नवऱ्याचे नाव घ्यायची तिची रीत नाही, पन्नास वर्षांत तिने ते घेतलेले नाही. शेवटी मी सांगितले, आणि तिने मान हलवली.

उरलेल्या तिघांपैकी दोघांची नावे तिने बिनदिक्कत दिली. चौथा, अगदी उजवीकडचा, डोक्याला पंचा बांधलेला. "दासगावाकडला हुता," ती म्हणाली, "गानी लई म्हनायचा. नाव न्हाय आठवत." त्या फोटोची प्रत मी ग्रंथालयात, काउंटरजवळच्या फळ्यावर लावली आहे. दासगावकडून येणाऱ्या मित्रमैत्रिणींनी ती घरी दाखवावी.