बिनतारी संच, डिजिटल ट्रंकिंग आणि यात्रेचा बंदोबस्त

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ कुंभमेळा २०२७ साली आणि उज्जैनचा सिंहस्थ २०२८ साली येत आहे. अशा प्रसंगी देवस्थाने, अन्नछत्रे व स्वयंसेवक मंडळे यांच्या तयारीच्या यादीत मंडप, पाणी, औषधे यांच्याबरोबर हल्ली आणखी एक वस्तू असते. ती म्हणजे हातात धरावयाचे बिनतारी संच, ज्यांना आपण सारे वॉकी-टॉकी म्हणतो. विक्रेत्याच्या पत्रकावर ‘डिजिटल’, ‘ट्रंकिंग’ असे शब्द ठळक छापलेले असले की, हा संच घेतला म्हणजे पोलिसांशी, अग्निशमन दलाशी व शेजारच्या मंडळाशी आपले बोलणे जुळेल, असा समज साहजिकच होतो. हा समज चुकीचा आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थातील चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचे प्राण गेले. २९ जानेवारी २०२५ रोजी प्रयागराज येथे मौनी अमावास्येच्या पहाटे, पोलिसांनी जाहीर केल्याप्रमाणे, ३० जणांचा मृत्यू झाला. या दुर्घटनांचे खापर बिनतारी यंत्रणेवर फोडण्याचा येथे हेतू नाही. त्यांची कारणे अनेक आहेत. परंतु पुढे वाट अडली आहे हे मागे उभ्या असलेल्या बंदोबस्ताला किती लवकर कळते, यावर अशा वेळी पुष्कळ काही अवलंबून असते.

प्रथम ट्रंकिंग म्हणजे काय ते पाहू. साध्या पद्धतीत प्रत्येक गटाला एक चॅनेल नेमून दिलेले असते. पार्किंगवाल्यांचे चॅनेल रिकामे पडलेले असले तरी दर्शनरांगेच्या गर्दीत बोलणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. रेल्वेच्या तिकीटघरात प्रत्येक खिडकीसमोर वेगळी रांग लागावी तसे हे झाले. ट्रंकिंगमध्ये सर्वांची रांग एकच असते आणि जी खिडकी मोकळी होईल तिच्याकडे पुढच्या माणसाला पाठविले जाते. हे पाठविण्याचे काम एक नियंत्रण-चॅनेल करते. बटण दाबताच संच त्या चॅनेलला विनंती करतो, मध्यवर्ती संगणक मोकळे चॅनेल देतो व त्या संभाषण-गटातील सर्व संच क्षणार्धात तेथे सरकतात. थोड्या चॅनेलांत पुष्कळ गट सुखाने बोलू शकतात, हा याचा मोठा लाभ.

मात्र विनंती कोणत्या भाषेत करावयाची, हा खरा प्रश्न आहे. युरोपात जन्मलेली टेट्रा पद्धती २५ किलोहर्ट्झच्या एका वाहक लहरीचे काळानुसार चार भाग पाडते. दिल्ली मेट्रोची बिनतारी यंत्रणा याच पद्धतीची आहे. अमेरिकेतील पोलीस व अग्निशमन दले पी-२५ ही पद्धती वापरतात. डीएमआर ही तिसरी पद्धती. ती साडेबारा किलोहर्ट्झचे दोन भाग करते आणि तिच्या तीन पायऱ्यांपैकी केवळ तिसरी पायरी ट्रंकिंगची आहे. या तिघींत आवाजाचे अंकांत रूपांतर करण्याची रीतही सारखी नाही. टेट्राचा संच आणि डीएमआरचा संच एकाच टेबलावर शेजारी ठेवले, तरी ते परस्परांना मुके व बहिरे असतात. त्यातच काही उत्पादकांनी डीएमआरच्या पायावर स्वतःच्या खाजगी ट्रंकिंग पद्धती रचल्या आहेत. तेथे तर ‘डीएमआर’ हे नाव दोन्ही खोक्यांवर असूनही संच जुळत नाहीत.

पद्धती एक असली तरी काम भागतेच असे नाही. पी-२५ च्या पहिल्या टप्प्यात एका चॅनेलवर एक संभाषण चाले. दुसऱ्या टप्प्यात त्याच जागेत दोन चालतात. दोन्ही टप्पे सांभाळणाऱ्या यंत्रणेत एखाद्या संभाषण-गटात पहिल्या टप्प्याचा एकच जुना संच सामील झाला, तरी त्या गटाचे सारे संभाषण जुन्या रीतीने होऊ लागते व दुप्पट जागा अडविते. जुन्या संचाला नवा टप्पा शिकविता येईल का, हे त्याच्या फर्मवेअरवर, म्हणजे यंत्राच्या पोटातील कायमच्या आज्ञावलीवर, आणि त्याहून अधिक त्याच्या मूळ बांधणीवर ठरते. बांधणीतच सोय असेल तर आज्ञावली बदलून भागते, कित्येकदा त्यासाठी वेगळे शुल्क भरून. नसेल तर नवा संच घेण्यावाचून मार्ग नाही. विक्रेते या दोन गोष्टींत फारसा भेद करीत नाहीत. ‘पुढे अपग्रेड होईल’ हे वाक्य ऐकून ज्यांनी पैसे मोजले, त्यांच्यापैकी अनेकांना ते अपग्रेड म्हणजे दुसरी खरेदी, हे मागाहून उमगते.

न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचा अनुभव या संदर्भात अभ्यासण्याजोगा आहे. मार्च २००१ मध्ये या दलाने जवानांच्या हाती नवे डिजिटल संच दिले. काही दिवसांतच एका आगीत अडकलेल्या जवानाची मदतीची हाक घटनास्थळी ऐकू आली नाही, आणि सारे नवे संच परत घेऊन जुने अ‍ॅनालॉग संच पुन्हा वाटण्यात आले. त्यानंतर सहा महिन्यांनी, ११ सप्टेंबर २००१ रोजी, त्याच जुन्या संचांनिशी जवान जागतिक व्यापार केंद्राचे मनोरे चढले. त्या दिवशी दलाचे ३४३ जण मृत्युमुखी पडले. चौकशी आयोगाच्या २००४ च्या अहवालात संदेशवहनाची कहाणी विस्ताराने आली आहे. इमारतीतील लहरी पुढे पोहोचविणाऱ्या रिपीटरचे एक बटण दाबले गेले नव्हते, म्हणून उत्तर मनोऱ्यातील अधिकाऱ्यांना तो बंदच आहे असे वाटले. एकाच चॅनेलवर फार गर्दी झाली. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून जे दिसत होते ते अग्निशमन दलापर्यंत पोहोचण्याची धड व्यवस्था नव्हती. नवे संच असते तर हे टळले असते, असे म्हणण्यास आधार नाही. यंत्र नवे की जुने यापेक्षा ते प्रत्यक्ष जागी तपासले गेले होते का आणि दोन दलांमध्ये पूल होता का, हे प्रश्न तेथे निर्णायक ठरले.

डिजिटल आवाजाचा आणखी एक स्वभाव आहे. अ‍ॅनालॉग संचाची लहर क्षीण झाली की खरखर वाढते, पण शब्द अर्धेमुर्धे तरी कळतात. डिजिटल संच शेवटपर्यंत स्वच्छ बोलतो आणि मग एकाएकी गप्प होतो. शिवाय आवाजाचे अंकांत रूपांतर करणारी आज्ञावली मानवी कंठाच्या नमुन्यावर बेतलेली असते, त्यामुळे मोठ्या गोंगाटात ती गोंधळते. धोक्याचे भोंगे व पाण्याचे पंप यांच्या आवाजात बोलणे कळेनासे होते, ही तक्रार अमेरिकी अग्निशमन दलांनी २००८ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर मांडली. पुढे या आज्ञावल्या सुधारल्या. तरीही आपल्याकडे ढोल-ताशाच्या गजरात प्रत्यक्ष बोलून पाहिल्यावाचून कोणताही संच स्वीकारू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गुप्ततेचा विषयही याच आज्ञावलीशी निगडित आहे. जुलै २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या मिडनाइट ब्लू या संस्थेतील संशोधकांनी टेट्रातील दोष उघड केले. युरोपबाहेर विकल्या जाणाऱ्या संचांत बहुधा असणाऱ्या टीईए-१ या संरक्षण-पद्धतीची किल्ली कागदोपत्री ८० बिटांची होती. प्रत्यक्षात ती आतून ३२ बिटांवर आणलेली निघाली. इतकी लहान किल्ली साध्या संगणकावर मिनिटा-दोन मिनिटांत शोधता येते. जाहीर झालेल्या इतर दोषांपैकी एक गंभीर दोष फर्मवेअर बदलून दूर करता येत होता. टीईए-१ चा दोष मात्र रचनेतच असल्याने दुसरी पद्धत स्वीकारण्यावाचून उपाय नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपीय मानक संस्थेने आजवर गुप्त ठेवलेल्या या पद्धती खुल्या करण्याचा निर्णय जाहीर केला. बाहेरच्या देशांना दुबळे कुलूप देऊन ते मजबूत असल्याचे भासविणे योग्य होते का, याचे उत्तर वाचकांनीच ठरवावे.

आता आपल्या देशातील नियमांकडे वळू. २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीचे वॉकी-टॉकी विनापरवाना वापरता येतात. हा पट्टा अवघा २०० किलोहर्ट्झचा आहे. साडेबारा किलोहर्ट्झच्या हिशेबाने त्यात जेमतेम १६ चॅनेल मावतात, आणि यात्रेत प्रत्येक मंडळ तेथेच बोलू लागले तर काय होईल, हे सांगावयास नको. इतर पट्ट्यांतील संचांना, तसेच स्वतःच्या ट्रंकिंग यंत्रणेला, दूरसंचार विभागाची परवानगी व वारंवारितेचे वाटप लागते. ऑनलाइन बाजारात या अटींचा उल्लेख न करता संच विकले जात असल्याचे आढळल्यावरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. संच कोणत्या वारंवारितेवर चालतो आणि त्यास आवश्यक मान्यता आहे काय, हे विक्रीच्या पानावरच दिसले पाहिजे, असा त्यांचा आशय आहे. स्वस्त मिळाला म्हणून अनधिकृत संच घेणारे मंडळ नकळत पोलिसांच्याच लहरीवर अडथळा आणू शकते.

मग देवस्थानाने करावे काय? पोलिसांच्या ट्रंकिंग जाळ्यात आपला संच शिरविण्याचा विचार सोडून द्यावा. पद्धती, पट्टा व फर्मवेअर जुळले तरी जाळ्याच्या मालकाने त्या संचाचा ओळख-क्रमांक नोंदविल्यावाचून तो आत घेतला जात नाही, आणि तसेच असणे योग्य आहे. अमेरिकेतही निरनिराळ्या दलांनी एकत्र यावे यासाठी राखून ठेवलेल्या राष्ट्रीय चॅनेलांपैकी कित्येक हेतुतः साध्या अ‍ॅनालॉग पद्धतीवर ठेवलेले आहेत, कारण ती बोली प्रत्येक संचाला येते. आपल्या स्वयंसेवकांसाठी साधे, मान्यताप्राप्त, एकाच प्रकारचे संच पुरेसे होतात. पोलिसांशी जोडणारा पूल माणसाचाच असावा: न्यासाचा एक जाणता कार्यकर्ता आपला संच घेऊन नियंत्रण कक्षात पोलिसांच्या बिनतारी चालकाशेजारी बसलेला असावा, आणि त्याला विश्रांती देणारा दुसराही नेमलेला असावा.

ज्या मोठ्या संस्थानांना डिजिटल यंत्रणा घ्यावयाचीच आहे, त्यांनी पद्धतीचे नेमके नाव व पायरी, फर्मवेअरची आवृत्ती, पुढील बदलांचा खर्च आणि दुसऱ्या उत्पादकाचे संच त्यावर चालतील किंवा नाही, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. त्यानंतर गाभाऱ्याच्या दगडी भिंतींआड, तळघरात, घाटाच्या खालच्या पायरीवर व वाद्यांच्या गजरात चाचणी करावी. ती उत्सवाच्या आदल्या दिवशी ठेवू नये, निदान महिनाभर आधी घ्यावी. आज्ञावलीत बदल करणे निघाले, तर वाटलेले सारे संच गोळा करून बहुधा एकेक तारेला जोडावे लागतात.