आधी वासराचं

दूध सोडलं म्हटल्यावर लोक पहिला प्रश्न चहाचा विचारतात. चहाचं जमून जातं. कोरा चहा आठवड्याभरात अंगवळणी पडतो. माणूस खरा अडतो तो लहानपणीच्या खाण्यापाशी, आणि माझं मन खरवसात अडकलं होतं.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी खरवस ठरवून होत नसे. गाय व्याली तरच तो व्हायचा, आणि त्यातही आजीचा दंडक होता. वासरू धडपडत उभं राहिलं, सडाला लागलं, पोटभर प्यालं, की मगच तांब्या गोठ्यात जायचा. ‘आधी वासराचं’ असं ती म्हणायची आणि त्यावर कुणी बोलायचं नाही. पहिल्या दिवसाचा चीक इतका दाट की त्यात साधं दूध मिसळावं लागे. मग गूळ, वेलची, थोडं जायफळ घालून भांडं मोदकपात्रात वाफवायला ठेवायचं. थंड झाला की वड्या पाडायच्या आणि आधी शेजारीपाजारी वाट्या पोचवायच्या.

हा दंडक किती शहाणपणाचा होता, ते मला पुढे वाचनातून कळलं. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच वारेतून रोगप्रतिकारक प्रतिपिंडं मिळतात. गाई-म्हशींच्या वारेतून ती पलीकडे जात नाहीत. वासरू जन्मतं ते जवळजवळ काहीच संरक्षण नसताना. त्याला ते मिळतं फक्त चिकातून, आणि तेही लवकर मिळावं लागतं. त्याचं आतडं ही प्रतिपिंडं जशीच्या तशी शोषून घेतं ते साधारण पहिले 24 तास, आणि ती क्षमता तासातासाने कमी होत जाते. म्हणून पशुवैद्य सांगतात, जन्मल्यावर तास-दोन तासांत चीक पाजा आणि पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या सुमारे एक दशांश तरी पोटात जाऊ द्या. 30 किलोच्या वासराला 3 लिटर.

साधं दूध कितीही वाफवलं तरी थिजत नाही, चीक मात्र थिजतो. पहिल्या चिकात प्रथिनं साध्या दुधाच्या चौपटीच्या आसपास असतात, आणि त्यांत मोठा वाटा याच प्रतिपिंडांचा. उष्णता लागली की ही प्रथिनं गोठतात आणि वडी धरते. म्हणजे ज्याच्यामुळे खरवस जमतो, तेच वासराला जगवतं. हे कळल्यापासून मला खरवसाची वडी पूर्वीसारखी खाता आली नाही.

भरपूर दुधाच्या गाईला वासराच्या गरजेपेक्षा जास्त चीक येतो, हे खरं आहे. आजीच्या घरचा खरवस त्या उरलेल्यातलाच होता आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आज शहरात खरवस बाराही महिने दुकानात मिळतो. त्या वडीमागचं वासरू आधी प्यालं की नाही, ते गिऱ्हाइकाला कळायला काही मार्ग नाही. आजीला आपल्या गोठ्यात जे डोळ्यांनी दिसत होतं, ते मला काउंटरवर दिसत नाही. म्हणून मी नारळाकडे वळले.

कोकणात आणि गोव्यात दुधावाचून गोडधोड करण्याची परंपरा जुनी आणि समृद्ध आहे. नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, फणसाचं सांदण, चण्याच्या डाळीचं मणगणें, नाताळातला दोदोल, हे सगळे नारळाच्या रसावर उभे आहेत. त्यामुळे परदेशी बाटलीतलं दूध शोधण्याची गरज मला वाटली नाही.

नारळाचा रस नुसत्या वाफेने थिजत नाही, म्हणून समुद्री शेवाळापासून होणारा चायना ग्रास घ्यायचा. एका मोठ्या नारळाचा घट्ट आणि पातळ रस वेगवेगळा काढा. दोन्ही मिळून अर्धा लिटर हवा. पातळ, गार रसात चहाचा एक सपाट चमचा चायना ग्रासची पूड आणि दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर गुठळ्या न होता कालवा आणि ढवळत दोन-तीन मिनिटं चांगलं उकळा. चायना ग्रास उकळल्याशिवाय विरघळत नाही. त्यात चिरलेला गूळ विरघळवून गाळून घ्या. आच बंद करून मगच घट्ट रस घाला, कारण तो उकळला तर फुटतो. वेलची, जायफळ आणि केशराच्या चार काड्या घालून डब्यात ओता. फ्रिज नसला तरी वडी धरते.

चव तंतोतंत तीच नाही. चिकाच्या खरवसाची जाळी इथे पडत नाही, दुधाचा वास नसतो, नारळ पुढे येतो. पण गूळ, जायफळ आणि जिभेवरचा तो गार मऊपणा ओळखीचा आहे, आणि मला तेवढं पुरतं. लहानपणीचं खाणं सोडलं असं मला आता वाटत नाही. आजीचा दंडक मी थोडा अधिक कडक पाळते आहे, इतकंच.

चिकाचाच खरवस खाणाऱ्यांशी माझं भांडण नाही. चीक आणून देणाऱ्याला एवढं मात्र जरूर विचारा, वासरू आधी प्यालं का? उत्तर मिळालं नाही, तर बाजारातून एक नारळ आणा. आणि वड्या पाडल्यावर शेजारी वाटी पाठवायला विसरू नका. खरवस एकट्याने खायचा नसतो, तो चिकाचा असो वा नारळाचा.