रॅम्प बांधलात, वेबसाइटच्या पायऱ्या कोण काढणार?

मुरुडकरांनो, पोस्ट जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. ३ डिसेंबरला दिव्यांग दिनाचे बॅनर लागतात, हार-तुरे होतात आणि मग वर्षभर विषय बंद. म्हणून आज स्पष्टच लिहितो.

दाखल्यापासून बँकेपर्यंत सगळं आता 'ऑनलाइन करा' झालंय. चांगलंच आहे, प्रत्येक कामाला अलिबागची एसटी धरायला लागत नाही. पण ज्याला दिसत नाही, त्याची फेरी वाचते का?

माझ्या ओळखीचे एक दृष्टिहीन काका आहेत. मोबाइलवर टॉकबॅक लावून व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय सगळं स्वतः करतात. एका कार्यालयाने त्यांना योजनेची सूचना पाठवली. पीडीएफ उघडली, तर मोबाइल गप्प! कारण कागद छापला, सही-शिक्का मारला आणि स्कॅन केला. म्हणजे तो नुसता फोटो, त्यात वाचण्यासारखं अक्षरच नाही. फोन करून विचारलं तर उत्तर मिळालं, "घरातल्या कोणाकडून वाचून घ्या ना." अहो, उद्या बँकेचा ओटीपीसुद्धा शेजाऱ्यालाच विचारायचा का?

मी त्या क्लार्कला शिव्या घालत नाही. त्याला हे कोणी शिकवलंच नाही. राग आहे तो न शिकवणाऱ्यांवर. एमएस-सीआयटी नसेल तर वेतनवाढ अडते म्हटल्यावर सगळे कर्मचारी बरोबर क्लासला गेले होते. म्हणजे शासनाने मनावर घेतलं की प्रशिक्षण होतं. इथे मनावरच घेतलेलं नाही.

आणि ही काही मेहेरबानी नव्हे, कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६. त्याचं कलम ४२ सांगतं की इलेक्ट्रॉनिक माहिती दिव्यांगांना वापरता आली पाहिजे. कलम ४७ सांगतं की पंचायत राज सदस्य, लोकप्रतिनिधी, प्रशासक, पोलीस यांच्या प्रशिक्षणात दिव्यांग हक्कांचा विषय सक्तीने असला पाहिजे. कायदा मोडला तर कलम ८९ प्रमाणे पहिल्यांदा १० हजारांपर्यंत दंड आणि पुन्हा मोडला तर ५० हजार ते ५ लाख.

३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचं सांगितलं. अ‍ॅसिड हल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन अमर जैन यांच्या याचिका होत्या. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतात. ज्याला ते जमत नाही त्याने काय करायचं? न्यायालय म्हणालं, डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१ खालचा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. बँका आणि इतर वित्तीय संस्थांनी वेळोवेळी सुगम्यता तपासणी करावी, चाचणीत दृष्टिहीनांना घ्यावं आणि कर्मचाऱ्यांच्या ई-लर्निंगमध्ये हा विषय घालावा, असे निर्देश दिले. मग आमच्या तालुक्यातल्या शाखांत आणि कार्यालयांत हे प्रशिक्षण कुठे आहे?

आता कोणी म्हणेल, "मुरुडात असे आहेत किती?" २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग नोंदले गेलेत. ते सगळे मुंबई-पुण्यात राहतात काय? शिवाय मोतीबिंदू आणि कापरे हात वयाबरोबर तुमच्या-माझ्याही दारात येणार आहेत.

दुसरा म्हणेल, "पैसे कुठून आणायचे?" युनिकोडमध्ये टाइप करायला पैसे लागत नाहीत. जुन्या फॉन्टमधलं मराठी स्क्रीन रीडरला भलतीच अक्षरं वाटतात, ते बंद करा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. आणि स्थानिक संस्थांनी उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचाच असतो. तो फक्त साहित्यवाटपाच्या फोटोंसाठी नाही.

मात्र प्रशिक्षण म्हणजे पाहुण्याला गुच्छ, एक भाषण आणि वडापाव नको. ज्याचं जे काम, त्याला ते शिकवा. क्लार्कला वाचता येणारी पीडीएफ करायला. पोस्ट टाकणाऱ्याला फोटोखाली वर्णन लिहायला. सेवा केंद्रातल्या ऑपरेटरला दिव्यांग नागरिकाशी थेट बोलायला, सोबतच्या माणसाशी नव्हे. ठेकेदाराच्या करारात अट घाला की माउस न वापरता, नुसत्या कीबोर्डवर फॉर्म भरता आला तरच बिल निघेल. शिकवायला दृष्टिहीन व्यक्तीलाच बोलवा, मानधन देऊन. आणि बदल्या होतात, माणसं बदलतात, म्हणून दरवर्षी घ्या.

माझी मागणी एवढीच: नगरपरिषद, तहसील, पंचायत समिती, बँका, पतसंस्था, प्रत्येकाने आपल्या प्रशिक्षणाची तारीख जाहीर करावी. आणि ती सूचना स्कॅन करून टाकू नका म्हणजे झालं!

तुमच्या घरात कोणाला असा त्रास झाला असेल तर कमेंटमध्ये लिहा. सगळं एकत्र करून लेखी निवेदन देऊ. टाइप करणं जमत नसेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, मी लिहून घेतो.