मोकळी म्हणजे सुखी नव्हे

'कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही' ही म्हण मराठी माणसाच्या ओठी सहज येते. कोंबडी ही परसदाराची इतकी जुनी रहिवासी. तरी तिच्या सुखदुःखाचा विचार फारसा कोणी करत नाही. 'ती चरते, आपले पोट आपण भरते. तिला आणखी काय लागते?' असा समज घरोघरी आढळतो. हा समज तपासून पाहिला पाहिजे.

अंड्यांच्या मोठ्या व्यवसायातील अरुंद पिंजऱ्यांविषयी आज पुष्कळ बोलले जाते. भारताच्या विधी आयोगानेही २०१७ सालच्या आपल्या २६९व्या अहवालात या प्रश्नाचा विचार केला. पिंजऱ्यात पंखही न पसरता येणाऱ्या कोंबडीची कणव यावी, हे योग्यच. परंतु तेवढ्याने परसातली कोंबडी सुखी ठरत नाही. दिवसभर मोकळी फिरणारी कोंबडी रात्री कोंदट, ओलसर खुराड्यात डांबली जात असेल, तर तिचे स्वातंत्र्य अर्धेच म्हणावे लागेल.

तिच्या गरजा मोजक्या आहेत. कोंबडीला घाम येत नाही. म्हणूनच वैशाखाच्या उन्हात ती चोच उघडी टाकून धापा टाकते. अशा वेळी सावली आणि मातीच्या परळातले गार पाणी तिचा जीव वाचवते. रात्री उंचावर बसणे हा तिचा स्वभाव. त्यासाठी खुराड्यात एक जाड काठी आडवी बांधली तरी पुरे. अंगावरच्या उवा घालवण्यासाठी ती धुळीत लोळते. कोपऱ्यात कोरडी माती आणि थंड झालेली राख ठेवली की तिची सोय होते. अंड्याचे कवच मुख्यतः चुन्याच्या क्षाराचे असते. खाण्यातून तो मिळाला नाही, तर ती स्वतःच्या हाडांतून तो काढून देते. कुटलेले शिंपले तिच्यापुढे ठेवणे हा म्हणूनच लाड नव्हे.

बदकाची रीत निराळी. केरळातील कुट्टनाड, बंगाल, आसाम अशा पाणथळ प्रदेशांत बदके पाळण्याची परंपरा आहे. तळे नसले तरी बदकाचे भागते. मात्र चोच आणि डोळे धुता येतील इतके खोल पाणी त्याला हवेच. दिवसा पाण्यात रमणाऱ्या या पक्ष्याला रात्री कोरडेच अंथरूण लागते. बुरशी लागलेले धान्य किंवा पेंड बदकाला विषासमान असते. बदके बहुधा पहाटे अंडी घालतात. ती घालून होईपर्यंत त्यांना आत ठेवले, तर अंडी हरवत नाहीत.

कोंबड्या आणि बदके एकाच खुराड्यात कोंडणे मात्र हिताचे नाही. बदके पाणी सांडतात, त्या ओलीने कोंबड्या आजारतात. शिवाय बर्ड फ्लूचा विषाणू बदकांच्या अंगी लक्षणे न दिसताही असू शकतो. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे या रोगाने कोंबडीपालकांवर केवढे संकट आणले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

'माणसांचेच भागत नाही, तेथे कोंबडीचे कोठून करावे?' असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न खरा आहे. पण वर सांगितलेल्या सोयींना पैशापेक्षा लक्ष अधिक लागते. उलट, दुर्लक्षाची किंमत मोठी असते. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, एकदा शिरला की बघता बघता खुराडे रिकामे होते. त्यावर औषध नाही. वेळेवर टोचलेली लस हाच उपाय. अनेक घरांत अंड्यांचे पैसे हीच बाईच्या हातातली स्वतःची मिळकत असते. मुलाची वही, घरातले तेलमीठ त्यातून येते. खुराडे ओस पडले, की आधी तिचाच हात रिकामा होतो.

ज्या जिवाकडून रोज काही घ्यायचे, त्याच्या सुखाची काळजी वाहणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे. दिवेलागणीला खुराड्याचे दार लावताना प्रत्येकाने क्षणभर आत वाकून पाहावे: जमीन कोरडी आहे ना, वारा खेळतो ना, सगळ्या जणी परतल्या ना? एवढे पाहूनच दाराला कडी घालावी.